अल्बिनाआत्या टोलच्या रस्त्याने गेली

होर्का, टेक्सस
२१ मे

प्रिय ताई,

प्रभूची स्तुती असो. इकडे सगळे बरे आहेत. कोंबड्या बऱ्या आहेत, अंगणातलं पीकानचं झाड वाऱ्याने एका अंगाला कललंय पण उभं आहे. तुझी कंबर कशी आहे? प्रार्थना गुडघ्यांवर कमी आणि खुर्चीत जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते ऐक. देवाला दोन्हीकडून ऐकू येतं.

तुझं पत्र मिळालं. नोव्हेंबरच्या आठ तारखेला बिशप मला डीकनची दीक्षा देणार, हे तू अख्ख्या मठाला सांगितलेलं दिसतंय. पत्राच्या तळाशी मदर सुपिरिअरनी स्वतःच्या हाताने अभिनंदन लिहिलंय. मला लाजच वाटली. गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला, रस्त्यावर मेलेली रानडुकरं उचलणारा माणूस, आणि त्याच्यासाठी तिकडे आर्कान्सात मठभर रोझरीची माळ चालते. चार वर्षं दर शनिवारी ऑस्टिनला वर्गाला जातोय, आता थोडंच उरलं. वर्गातले बाकीचे सगळे बायकामुलांचे आहेत, त्यांनी दीक्षेनंतरही संसारात राहायचं. माझ्यासारख्या एकट्या माणसाला मात्र त्या दिवशी वचन द्यावं लागतं, की आता जन्मभर एकटाच राहीन. हा भाग सगळ्यात सोपा, असं मी फादर उचेन्नांना म्हणालो. एवढ्या वर्षांचा सरावच आहे. ते म्हणाले, "एमिल, सोप्या वाटणाऱ्या प्रश्नातच विद्यार्थी नापास होतात." नायजेरियात ते आधी शाळामास्तर होते, हे तुला सांगितलंय ना?

फादरांच्या गळ्यात तीन गावांची चर्च आहेत आणि आपलं सेंट प्रोकोप त्यातलं सगळ्यात लहान. गावाला स्वतःचा डीकन मिळाला तर बाप्तिस्मे, दफनं, रविवारचं प्रवचन तो सांभाळेल आणि दार उघडं राहील. नाही मिळाला तर काय, ते वाक्य बिशप कधी पुरं करत नाहीत. गावात लोक मला आत्तापासूनच वाट करून देतात. आपला डेल्बर्टसुद्धा शिवी देण्याआधी मी जवळपास आहे का बघतो. चुलतभाऊ असून.

आता अल्बिनाआत्याचं. ती गेल्याचं तुला फोनवरून कळलंच, पण तिला आम्ही कसं नेलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ऑस्टिनला वळसा घालणारा हा टोलचा रस्ता होणार म्हणून आपल्या शाळेत सभा झाली होती, ते मी तुला तेव्हा लिहिलं होतं. इंजिनिअर नकाशावर काठी फिरवत म्हणाला, या रस्त्यामुळे लोकांना ऑस्टिन टाळता येईल. आत्या पहिल्या बाकावरून म्हणाली, "मी जन्मभर टाळतेय. मला कधी रस्ता लागला नाही." आणि मग उठून उभी राहिली, माझं मढंसुद्धा तुमच्या त्या रस्त्याने जायचं नाही म्हणाली, आणि घरी गेली.

रस्ता झाला. चर्च अलीकडे राहिलं, कबरस्तान पलीकडे. आत्या शेवटपर्यंत रस्त्याच्या पोटाखालून, ओढ्यावरच्या त्या बुटक्या पुलावरून काकांच्या कबरीवर जात राहिली. वरून गाड्या ताशी पंच्याऐंशी मैलांनी जायच्या आणि खालून ती तिची जुनी फोर्ड चालत्या माणसाच्या वेगाने हाकायची. मी वर कामावर असताना कुणाचा तरी फुटका टायर बदलत असलो की मला दिसायची. मान वर करून बघायची नाही.

आणि नेमकं दफनाच्या दिवशी पाणी पुलावरून वाहू लागलं. आधी तीन दिवस पाऊस, त्या दिवशीही आभाळ भरलेलं. शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, आता एकच वाट. टोलच्या रस्त्यावर चढायचं आणि पुढच्याच एक्झिटला उतरायचं. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे पेटीकडे बघू लागले. मिल्ड्रेडकाकू (चर्चच्या हॉलच्या स्वयंपाकघरावर अजून राज्य तिचंच आहे) हळूच म्हणाली, "अल्बिना पेटीत उठून बसेल."

फादर म्हणाले, "बसली तर बरंच. ईस्टरच्या प्रवचनाला दाखला मिळेल."

अंत्ययात्रेत सगळ्यांनी दिवे लावून पुढच्या गाडीमागे चालायचं, मध्ये कुणी घुसायचं नाही, ओलांडून कुणी जायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या रस्त्यावर देशभरचे लोक. म्हणून मी साहेबांना विचारून माझी कामावरची पिवळ्या दिव्यांची गाडी आणली होती. पुढे शववाहिका, मग फादर, मग म्हाताऱ्या मंडळींच्या गाड्या. मी रॅम्पच्या तोंडाशी थांबून बाहेरच्यांना अडवायचं आणि मग रांगेत शिरून उरलेल्यांना घेऊन यायचं. माझ्या मागे डेल्बर्टचा मोठा पिकअप, त्यात सगळे खांदेकरी.

म्हातारी मंडळी चढून गेली आणि तेवढ्यात बाजूच्या रस्त्याने एक पांढरी व्हॅन आली. चारी दिवे लुकलुकतायत, वेग मुंगीचा, आत काळ्या कपड्यांतली बाई. मला वाटलं, आत्याच्या सासरची ग्रेंजरकडची कोणीतरी, उशीर झालाय बिचारीला. मी हात केला, चला. तिने हात केला, तुम्ही आधी. मी पुन्हा हात केला. तिनेही केला. मग ती हसली आणि पुढे झाली. तिच्यामागे मी, माझ्यामागे डेल्बर्ट, त्याच्यामागे अर्धं गाव.

अंत्ययात्रेला म्हटलं तरी ती फार हळू चालवत होती. पुढची मंडळी टेकाडापलीकडे दिसेनाशी झाली. मोठाले ट्रक शेजारून दबकत गेले, एका ड्रायव्हरने तर कडेला थांबून टोपी काढली. आपला एक्झिट आला. व्हॅन सरळ गेली. मी सरळ गेलो. अर्धं गाव सरळ गेलं.

लॉकहार्टपाशी व्हॅन उतरली, दोनदा वळली आणि एका नाचाच्या हॉलसमोर थांबली. दाराला पांढरे फुगे. बाई उतरून माझ्या खिडकीशी आली.

"साहेब, फार उपकार झाले. पण एवढा बंदोबस्त कशाला? आत केक आहे, गव्हर्नर नाही."

"तुम्ही ग्रेंजरच्या ना?" मी विचारलं.

"मी सेगीनची. चार मजली केक घेऊन निघाले होते, म्हणून जपून चालवत होते. मला वाटलं, हा रस्ता टोल घेतो तसा सोबतीला माणूसही देतो." मग तिने माझ्यामागे पाहिलं. काळे सूट, काळे झगे, डेल्बर्टच्या कोटाला पांढरं फूल. "ही सगळी माणसं कोण?"

"अंत्ययात्रा आहे."

"कुणाची?"

"माझ्या आत्याची."

तिने एकेका गाडीवरून नजर फिरवली. "आत्या कुठेय?"

तेवढ्यात हॉलमधून नवरीची आई आली. "मुलाकडचे का? या, या. अहो, तोंडं अशी का? लग्न आहे." खांदेकऱ्यांच्या हातात सरबताचे पेले आलेसुद्धा. डेल्बर्टने नाही म्हटलं नाही. आणि माझा फोन वाजला.

"एमिल," फादर म्हणाले, "मी कबरीशी उभा आहे. पेटी गाडीत आहे. उचलायला माझ्याजवळ म्हाताऱ्या बायका आणि त्यांच्या काठ्या आहेत. तुम्ही कुठे आहात?"

"लग्नात, फादर."

"कुणाच्या?"

"अजून विचारलं नाही."

परत गेलो, आत्याला नीट पोचवली. बाईंनी केक उतरवला आणि त्याही मागोमाग आल्या. माफी मागितल्याशिवाय घास उतरणार नाही म्हणाल्या. दफनाच्या वेळी अगदी मागे, कुंपणाला टेकून उभ्या होत्या. मिल्ड्रेडकाकूने त्यांना हाताला धरून आपल्या चर्चच्या हॉलमध्ये आणलं, नूडल्सचं सूप वाढलं. "अल्बिना असती तर आधी तुला झोडपली असती," काकू म्हणाली, "आणि मग केकची कृती विचारली असती." बाईंचं नाव ओडिलिया. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरीच केक करून पोचवतात. हे आपलं सहज लिहिलं.

एक्झिट माझ्याकडून कसा हुकला, मलाही कळलं नाही. ऊन डोळ्यांवर आलं असावं.

आत्यासाठी मठात मिस्साची एक प्रार्थना मागून घे. कंबर जप.

तुझा धाकटा,
एमिल


होर्का
११ जुलै

प्रिय ताई,

प्रभूची स्तुती असो. तुझं पत्र आणि दीक्षेला गळ्यात घालायच्या पट्ट्यावरच्या कशिद्याचा नमुना, दोन्ही पोचलं. द्राक्षांचे घड फार सुरेख आहेत. एवढं बारीक काम करू नकोस, डोळ्यांचं बघ. मी साध्या पट्ट्यातही डीकन होईन.

तू विचारलंयस, तीन दिवस पाऊस आणि आभाळ भरलेलं, मग ऊन कुठून आलं? तुझं वाचन पूर्वीपासूनच बारीक. तेव्हा ऊन नसेल. काच धुरकटली असेल.

इकडची बातमी अशी की टोलची बिलं आली. त्या रस्त्यावर फाटक नाही की माणूस नाही, वरून कॅमेरा गाडीच्या पाटीचा फोटो काढतो आणि बिल घरी येतं. अख्ख्या गावाला एकाच दिवशी आलं. लोक चिडतील असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. आत्याच्या अंत्ययात्रेचा एकही फोटो कुणी काढला नव्हता, आणि हा सरकारी खर्चाने निघालेला. मिल्ड्रेडकाकूने सगळ्यांकडून फोटो गोळा केले आणि हॉलच्या फळ्यावर गाड्यांच्या क्रमाने लावले. पुढे शववाहिका. मग फादरांची गाडी, तिचा मागचा एक दिवा बंद. सगळ्या गावाने तो त्यांना दाखवला. मग म्हातारी मंडळी. मग पांढरी व्हॅन (तिचा फोटो त्या बाईंनी स्वतः आणून दिला). मग मी. डेल्बर्ट फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. "एमिल," तो म्हणाला, "तुझी गाडी त्या व्हॅनला इतकी चिकटून आहे की केकचा वास आला असेल."

सेंट प्रोकोपचा सण चार तारखेला उत्तम झाला. पुरुषांनी पहाटेपासून मोठ्या कढयांत मटणाचा रस्सा ढवळला. माझ्या हाती या वर्षीही लाकडी वल्हंच होतं. डीकन झाल्यावर प्रवचन द्यायचं, रस्सा ढवळायचा नाही, असं फादर म्हणाले, ते मला पटलेलं नाही. चर्चसाठीच्या लिलावाला ओडिलियाबाईंनी केक दिला. आपल्या चर्चच्या आकाराचा होता, मनोऱ्यासकट. तो घेण्यावरून दोन घरांत बोलाचाली झाली, शेवटी दोघांनी मिळून घेतला आणि चर्च मधोमध कापलं. संध्याकाळी पोल्का. मी एकदाच नाचलो. म्हणजे एकदा सुरू केलं. डेल्बर्ट बाजूने जाताना म्हणाला, "डीकनसाहेब, वर्गात हेपण शिकवतात का?" ओडिलियाबाई म्हणाल्या, "हे मी शिकवतेय. तुम्ही रांगेत उभे राहा." तो खरंच रांगेत उभा राहिला, वेडा.

त्यांच्या व्हॅनचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, ते माझ्या त्या अंत्ययात्रेच्या दिवशीच ध्यानात आलं होतं. रस्त्यावरच्या लोकांची काळजी हे माझं कामच. म्हणून एका बुधवारी सेगीनला जाऊन बदलून दिला. पुढच्या बुधवारी दुसरा. मग पुढचे दोन. आता स्टेपनी उरली आहे.

परवा त्यांच्या स्वयंपाकघरात मी वर्गासाठी लिहिलेलं प्रवचन म्हणून दाखवलं. त्या साच्याला लोणी लावत ऐकत होत्या. चांगलं आहे म्हणाल्या. मग साचा फिरवत, "पण तुम्ही सगळ्यांशी बोलता. एकाशी बोलल्यासारखं म्हणून बघा." मी म्हणालो, डीकनला सगळ्यांशीच बोलावं लागतं. "हो, तेही खरं," म्हणाल्या आणि साचा भट्टीत सरकवला. त्या प्रवचनावर मी अजून काम करतोय. जमत नाही.

तू माझ्यासाठी प्रार्थना करतेस ते थांबवू नकोस. काय मागायचं ते मात्र देवावर सोड, आपण फार नेमकं मागू नये.

तुझा,
एमिल


होर्का
२६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

प्रभूची स्तुती असो. कोंबड्या बऱ्या आहेत. पीकान यंदा भरपूर लागलेत, झाड कललेल्या बाजूलाच जास्त. थंडी अजून नाही.

तुझं पत्र आलं. एवढ्या वर्षांत एवढं छोटं पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. "गाडीला चाकं किती असतात हे मला मठातही माहीत आहे. खरं लिही." मी ते शर्टाच्या खिशात ठेवून कामावर जात होतो. दोन आठवडे खिशात होतं.

तर खरं लिहितो.

त्या दिवशी मला एक्झिट दिसला होता. ऊन नव्हतं, काच स्वच्छ होती. मी त्या रस्त्यावर रोज असतो, ताई. तो एक्झिट मला डोळे मिटून सापडेल. व्हॅन वळत नाही हे पाहिलं तेव्हाच मला कळलं की ही बाई आपल्यातली नाही. मी दिवा दाखवून वळायला हवं होतं. पण पंच्याऐंशीच्या रस्त्यावर एकटी गाडी तिशीने चाललेली, टेकाडाच्या उतारावरून मागून ट्रक आला तर त्याला ती दिसणारसुद्धा नाही. अशा गाडीच्या मागे पिवळे दिवे लावून राहायचं, हे माझं काम आहे. एवढं म्हणून थांबलो तर तेही खरंच होईल. फादरना मी एवढंच सांगितलं होतं.

पण कामच असतं तर मी डेल्बर्टला फोन करून सांगितलं असतं, की तू वळ, माझ्यामागे येऊ नकोस. ते मला सुचलंच नाही. पेटी उचलायला तिकडे कुणी नाही हे सुचलं नाही. आत्या सुचली नाही, फादर सुचले नाहीत. ती रॅम्पवर हसली होती आणि आता तिच्या गाडीला काही होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका माणसासाठी एवढी माणसं मी जन्मात कधी विसरलो नव्हतो.

आणि डीकन तर सगळ्यांचा असतो. हे मी चार वर्षं वर्गात लिहून घेतलंय.

उन्हाळाभर मी देवाशी यावर वाद घातला. तुला वाटेल, मोह म्हणून लढलो असेन. तसं नव्हतं. मोह असता तर प्रार्थनेत अडथळा आला असता. उलट माझी रोझरी कधी नव्हे इतकी शांत झाली. याचं काय करायचं ते कळेना.

तिने मला काही विचारलं नाही, हे तुला माहीत असायला हवं. उलट सप्टेंबरात मिल्ड्रेडकाकूने दीक्षेच्या जेवणासाठी केकची ऑर्डर द्यायची म्हणून फोन केला, तर तिने ती घेतली. बुधवारी मी गेलो तेव्हा वही पुढे ओढून बसली होती. "डीकन एमिल लिहायचं की नुसतं एमिल?" तिने विचारलं. चेहरा अगदी दुकानदाराचा.

मी म्हणालो, "केक नको."

"ऑर्डर रद्द करायची तर कारण सांगावं लागतं."

मग मी तिला एक्झिटचं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच. तिने वही मिटली.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही तुमच्या मेलेल्या आत्याला ताटकळत ठेवलंत."

"हो."

"मग मला ठेवू नका."

अशी ती गोष्ट झाली. यात माझी हुशारी कुठे नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ऑस्टिनला जाऊन बिशपांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे आठ तारखेनंतर कळलं असतं तर तीन जणांचं नुकसान झालं असतं, तिसरे ते स्वतः. लग्नानंतर काही वर्षांनी, बायकोची संमती घेऊन, पुन्हा अर्ज करता येतो असंही म्हणाले. मी सेंट प्रोकोपचं विचारलं. तर या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं. नाताळाच्या आधीपासून आपल्याकडे महिन्यातून दोनच रविवारी मिस्सा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, वचन देत नाही. त्यांचा राग नव्हता, ताई, आणि म्हणूनच मला परत येताना गाडी एकदा कडेला घ्यावी लागली. माझ्यासारखाच दुसरा गडी मदतीला धावून आला, टायर गेला का म्हणून विचारायला. मी त्याला म्हटलं, नाही, जरा बसलोय.

गावाला मी मिस्सानंतर उभं राहून सांगितलं. फादर म्हणाले, कुणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. मी खाली बसलो. मग फादर पुन्हा पुढे आले. म्हणाले, "मी या चर्चमध्ये आल्यापासून फक्त माणसं पुरली. लग्नाच्या प्रार्थनेचं पुस्तक कपाटात आहे की उंदरांनी खाल्लं, मला माहीत नाही. कुणीतरी बघून ठेवा." मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. सगळे नाही.

मिल्ड्रेडकाकू हसली नाही. पुढचे दोन रविवार माझ्याशी बोललीही नाही. तिचं बरोबरच आहे. तिचे आईवडील, नवरा, सगळे याच दारातून गेले. आता तिला कोण नेणार याची तिला काळजी आहे, आणि मी नेईन असं तिने धरलं होतं. काल घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "चर्च बंद पडलं तर मी मरेपर्यंत तुझ्या नावाने बोटं मोडीन."

"मोड, काकू."

"लग्न कधी?"

"ईस्टरनंतर."

"सूप मी करणार. केक ती करेल ते करू दे, सूप मी." आणि गेली. तिच्या परीने तो होकारच होता, असं मी धरून चाललोय.

डेल्बर्टने पुन्हा मोकळेपणाने शिव्या सुरू केल्यात.

ज्या रविवारी मिस्सा नसेल त्या रविवारी मी चर्च उघडणार, घंटा वाजवणार आणि रोझरी म्हणणार आहे. त्याला दीक्षा लागत नाही, किल्ली लागते, आणि किल्ली माझ्याकडे आहे. येतील तेवढे येतील. ओडिलिया म्हणते, एक तर नक्की येईल.

आता तू.

बिशपांना सांगताना मी घाबरलो नाही. गावाला सांगताना थोडा घाबरलो. तुला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, ते सगळ्यांत शेवटी सांगतोय, यावरूनच तुला समजेल. आई गेल्यावर आपल्या घरातलं कुणीतरी वेदीशी उभं राहावं ही तुझी एकच इच्छा होती, आणि तू तिकडे बंद दाराआड बसून, दुखऱ्या कमरेने, त्या इच्छेवर टाका टाका घालत होतीस. मी ते उसवलं. पट्टा दुसऱ्या कुणा चांगल्या माणसाला दे, आणि देताना त्याला माझं नाव सांगू नकोस. मदर सुपिरिअरना काय सांगशील, मला सुचत नाही. नापास झाला म्हण. फादरांनी आधीच सांगितलं होतं, असंही म्हण.

मी तुझ्याकडे परवानगी मागत नाही. मागितली असती तर तू दिलीही असतीस, आणि मग आतल्या आत कुढत बसली असतीस. त्यापेक्षा उघड रागाव. तू रागावलीस तर मला ते कळायला हवं. तुझं पुढचं पत्र एका ओळीचं असलं तरी चालेल, पण तुझ्या नेहमीच्या सरळ भाषेतलं असू दे.

आठ तारखेला, शनिवारी, मला आता दुसरं काही काम नाही. आम्ही दोघं पहाटे निघू आणि दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचू. भेटीची वेळ दोन ते चार, हे मला ठाऊक आहे. भेटीच्या खोलीतल्या जाळीच्या अलीकडे दोन खुर्च्या टाकायला सांग. तू पलीकडे आली नाहीस तर मी समजून घेईन. ओडिलिया समजून घेणार नाही, ती चारपर्यंत जाळीतून बोलतच राहील, तू ऐकत असलीस नसलीस तरी. आणि तुला हसू आलं, ताई, तर दाबू नकोस. मला तुझं हसू या बाजूलाही ओळखू येतं.

तुझ्या होकाराची नव्हे, तुझ्या पावलांच्या आवाजाची वाट बघणारा,
तुझा धाकटा,
एमिल